दुर्बिणीने ऑपरेशन झाले म्हणून बाई आठव्या दिवशी वावरात?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकासोबत आलेली महिला आरोग्याची पुरवणी आमच्या घरी अजून फिरते आहे. सुनेने वाचली, शेजारच्या दोघी वाचून गेल्या. दुर्बिणीने होणाऱ्या बायकांच्या ऑपरेशनवर तीत दोन पाने आहेत आणि लिहिले आहे ते खोटे नाही. चीर लहान, रक्त कमी जाते, जखमेत पू होण्याची भीती कमी, दवाखान्यातला मुक्काम थोडा. मी १९८६ साली आरोग्यसेविका म्हणून लागले आणि सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर काढली. पोट उघडून गर्भपिशवी काढलेल्या बाया घरी येत, टाक्यांत पू होई आणि ड्रेसिंगला मी जाई. एकेकीची जखम भरायला महिना लागलेला मी पाहिला आहे. त्यामुळे दुर्बिणीच्या विरोधात मी एक अक्षर लिहिणार नाही.

पण ती दोन पाने शहरातल्या बाईसाठी लिहिलेली आहेत. तिच्या घरात कमोड आहे, दवाखाना ऑटोच्या अंतरावर आहे, आणि महिनाभर स्वयंपाकाला बाई ठेवता येते. आमच्याकडे तीच पाने वाचून नवरा म्हणतो, "चार टिकल्यायचं काम हाये, दुसऱ्या दिवशी घरी. वेचणीच्या आंधी उरकून घेऊ." त्याच्या या बोलण्यावर मला लिहायचे आहे.

दुर्बीण आमच्या भागाला नवी नाही, हे आपल्या शहरी वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. दुर्बिणीने गर्भपिशवी काढण्याचे पहिले ऑपरेशन अमेरिकेत १९८८ साली झाले. तोवर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दुर्बिणीची कुटुंब नियोजन शिबिरे अंगवळणी पडली होती. दिवाळी आटोपली की शिबिरांचा हंगाम. जिल्ह्याहून सर्जन यायचे, सोबत लॅप्रोकेटरची, म्हणजे रिंगा बसवणाऱ्या दुर्बिणीची पेटी. दुर्बीण सायडेक्स या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवून घड्याळ लावायचे, वीस मिनिटे झाली की निर्जंतुक पाण्यातून काढून द्यायची. तिच्या टोकावर जेमतेम साडेतीन मिलिमीटरच्या दोन रिंगा चढवायच्या, हे माझे काम. रिंग सुटून खाली पडली की सर्जन नुसते बघायचे, बोलायचे नाहीत. ते बघणेच पुरे असे. बाईला टेबलावर डोके खाली, कंबर वर असे निजवायचे, बेंबीजवळची जागा सुईने बधिर करायची, पोट फुगवायचे, एक भोक, दोन्ही गर्भनळ्यांवर एकेक रिंग, झाले. गुंगीच्या इंजेक्शनाने जीभ जड झालेल्या बाईला दोघींनी बखोटे धरून व्हरांड्यातल्या सतरंजीवर आणायचे आणि पुढचीला आत घ्यायचे. संध्याकाळी जीप एकेकीला दारात सोडून यायची. (पुरुषाची नसबंदी याहूनही सोपी, तिला तर पोटात शिरावेही लागत नाही. पण साऱ्या नोकरीत मला त्यासाठी आपणहून पुढे आलेले पुरुष भेटले ते बोटावर मोजण्याइतके.)

त्या शिबिरांचे पुढे काय झाले ते सगळ्यांनी वाचले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने केली; नियम दिवसाला ३० चा. डझनाहून जास्त बायका त्यात गेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले.

शिबिरे गेली, पण त्यांनी घालून दिलेले माप गावात राहिले. आज ज्या सासवा आहेत, त्यांनी स्वतःच्या अंगावर दुर्बीण अनुभवली ती नळ्या बांधण्यापुरती. दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे सकाळी जायचे, रात्री घरी, टाका काढला की निंदणाला मोकळी. आता तालुक्याच्या गावी डॉक्टर सुनेला सांगतात की दुर्बिणीने पिशवी काढू, तेव्हा सासू तेच माप लावते. तिला दोष कसा देऊ? तिला दुसरे कोणी काही सांगितलेलेच नाही. दवाखान्याच्या बाहेर पाटी असते, तीवरही लहान भोकांचा आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीचाच गजर.

प्रत्यक्षात दोन्ही ऑपरेशनांत भोक सोडले तर सारखे काहीच नाही. माझी भाची वर्ध्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. तिने मला एकदा सगळे नीट उलगडून सांगितले, तेच इथे मांडते. गर्भपिशवी काढायची तर बाईला पूर्ण भूल द्यावी लागते, श्वासनलिकेत नळी घालून. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. त्याचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरच्या आत ठेवायचा. बेंबीतून कॅमेरा जातो आणि बाजूच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या भोकांतून हत्यारे. मग गर्भपिशवीला धरून ठेवणारे बंध आणि तिच्या रक्तवाहिन्या एकेक करून जाळून कापायच्या. तिथेच, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून, मूत्रपिंडाकडून येणारी नळी जाते. पुढे लघवीची पिशवी, मागे आतडे. तास-दोन तास हे चालते. सुटी झालेली गर्भपिशवी बहुतेक वेळा खालून, योनीमार्गाने बाहेर काढतात आणि योनीचे वरचे टोक टाके घालून बंद करतात.

हे टाके बाहेरून दिसत नाहीत. आरशात बाईला पोटावर तीन-चार चिकटपट्ट्या दिसतात, नवऱ्याला त्याही दिसत नाहीत. आतली जखम मात्र पोट फाडून केलेल्या ऑपरेशनाएवढीच असते आणि ती भरायला तेवढेच दिवस लागतात. म्हणून सहा आठवडे वजन उचलायचे नाही आणि नवऱ्याजवळ जायचे नाही, असे सांगतात. क्वचित कधी हे वरचे टाके उसवतात, आणि उसवण्याचे हे प्रमाण दुर्बिणीच्या पद्धतीत पोट उघडून केलेल्या ऑपरेशनापेक्षा जास्त आढळले आहे. चीर लहान म्हणून ज्या गोष्टीची काळजी आपण कमी करतो, तिचीच करायला हवी.

आता कापूस वेचणारी बाई डोळ्यांसमोर आणा. कमरेला फडके बांधून त्याची पुढे झोळी केलेली असते. बोंडातून कापूस काढून ती त्यात टाकत जाते. दोन तासांत झोळी चार-पाच किलोंची होते आणि ते सगळे वजन ओटीपोटावर लटकते, नेमके जिथे आतून टाके आहेत तिथे. वर सकाळपासून कंबरेत वाकलेली. मग झोळी गाठोड्यात रिकामी करायची, गाठोडे बांधून डोक्यावर घ्यायचे आणि धुऱ्यावर नेऊन टाकायचे. मजुरी किलोवर. घरचे वावर असले तरी वेचणीला बाया मिळत नाहीत, म्हणून घरच्या बाईला सुट्टी नाही. आमच्या गावातल्या एकीला मी तिसऱ्या आठवड्यात पऱ्हाटीत पाहिले. तिला हटकले तर तिच्याआधी सासूच म्हणाली, "दुर्बिनीनं त झालं वो बाई. टाके कुठीसाक हायेत? किती दिवस बसवून खाऊ घालू?" त्या बाईचे डिस्चार्ज कार्ड मी मागून पाहिले. त्यावर इंग्रजीत औषधे लिहिली होती आणि सात दिवसांनी दाखवा, एवढेच. किती वजन उचलायचे, किती दिवस, काहीही नाही. शहरातल्या बाईला 'आराम करा' म्हटले तरी कळते. आमच्या बाईला सांगावे लागेल की पाण्याची गुंडी नाही, पोराला कडेवर नाही, वेचणीची झोळी नाही, पंपाचे हँडल नाही, उखळ-मुसळ नाही. आणि हे तिला सांगून उपयोग नाही, सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगावे लागेल.

याचा अर्थ बाईने सहा आठवडे बाजेवर पडून राहावे असा मुळीच नाही. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालायचे, आणि रोज थोडे जास्त. चालल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती कमी होते, आतडी लवकर सुरू होतात. दोन-तीन दिवस खांदा दुखतो, त्याने मात्र बाया फार घाबरतात. ऑपरेशन पोटाचे आणि दुखतो खांदा! रात्री दहाला एकीचा मला फोन आला, "बाई, खांदा लय ठनकून रायला वो, अटॅक तर नसन नं?" पोटात उरलेला वायू वर छातीच्या पडद्याशी जातो आणि त्याच्या नसांचे दुखणे खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत आपोआप जाते. हे आधी सांगायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागतो.

काय झाले तर घाबरायचेच, हे त्याहून महत्त्वाचे. आमच्याच गावात एका बाईची पिशवी दुर्बिणीने काढली. तिला ऑपरेशनाची गरज होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गाठी मोठ्या होत्या, रक्त दोनदा चढवावे लागले होते. दुसऱ्या दिवशी घरी आली. चौथ्या दिवशी पोट फुगले, कणकण आली, उलट्या. घरचे म्हणाले, ग्यास झाला, ओवा दिला. आशाताई पाहायला गेली तिने मला बोलावले. पोटाला हात लावू देईना. १०८ बोलावून जिल्ह्याला नेले. आतड्याला बारीक इजा झालेली होती, ती आधी लक्षात आली नव्हती. पोट उघडावे लागले. जगली. इतकी लहान इजा चांगल्या हातूनही होऊ शकते, ती त्या वेळी पडद्यावर दिसत नाही आणि तीन-चार दिवसांनी डोके वर काढते. त्याबद्दल मी त्या डॉक्टरांना बोल लावत नाही. पण बाईला दुसऱ्या दिवशी घरी पाठवायचे आणि घर जर पन्नास-साठ किलोमीटरवर, मुक्कामी एसटीच्या गावात असेल, तर या गोष्टी तोंडपाठ करून घेतल्याशिवाय पाठवायचे नाही, एवढे तरी व्हायला हवे. दवाखान्यात पाच-सहा दिवस राहणाऱ्या बाईचे पोट फुगले तर नर्सच्या लक्षात येते. घरी कोणाच्या लक्षात येणार?

म्हणून जे प्रत्येक घरात माहीत असायला हवे ते लिहिते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणे रोज उतरत गेले पाहिजे. उतरण्याऐवजी वाढू लागले, पोट फुगून कडक झाले, ताप आला, उलट्या थांबेनात, तर ओवा-सोडा करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खालून लाल रक्त घड्या भिजतील इतके जाऊ लागले किंवा घाण वास येऊ लागला तरी तेच. आठ-दहा दिवसांनी बाई म्हणू लागली की खालून सारखे पाणी झिरपते, लघवी कळत नाही, तर ते अशक्तपणाचे पांढरे जाणे समजू नये. लघवीच्या मार्गाला इजा झालेली असू शकते. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकदम दम लागला तर रात्र असली तरी थांबू नये. आणि ज्या दवाखान्यात ऑपरेशन झाले त्याचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

इथवर झाले ते ऑपरेशननंतरचे. लहान भोकाचा दुसरा तोटा ऑपरेशनच्या आधी होतो: पिशवी काढायला होकार फार लवकर मिळतो. पोट फाडायचे म्हटले की घर दहा वेळा विचार करते, चार जणांना विचारते. दुर्बीण म्हटले की गुरुवारची तारीख.

माझ्या धाकट्या जावेचे असेच झाले होते. वय अडतीस. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जायचे, गाठी पडायच्या, जिना चढली की धाप. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि सांगितले की पिशवीला सूज आहे, आत गाठ आहे, दुर्बिणीने पिशवी काढू. साठ हजार. सोबत दोन्ही अंडाशयही काढून टाकू, म्हणजे पुढे कॅन्सरची भानगड नको. दिराने अडत्याकडे उचल मागूनही ठेवली होती. मी सोनोग्राफीचा कागद घेतला आणि आम्ही तिला मेडिकल कॉलेजला नेले. तिथे आधी शिरेतून लोह दिले, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला, आणि मग खालच्या वाटेने, पोटावर एकही भोक न करता, बारीक दुर्बीण थेट गर्भपिशवीत घालून आतली गाठ कापून काढली. पिशवी जागेवर, अंडाशय जागेवर. आता तिची पाळी चार दिवसांची आहे आणि ती माझ्याशी भांडायला पुरेशी दणकट झाली आहे. दुर्बिणीने बाईची पिशवी वाचवताही येते, हे पुरवणीतल्या दोन पानांत मला सापडले नाही.

अडतिसाव्या वर्षी अंडाशय काढले असते तर पाळी जाण्याच्या वयातले त्रास तिला लगेच सुरू झाले असते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, ठिसूळ हाडे, हृदयाचा धोका, हे सगळे दहा-बारा वर्षे आधी दारात. जिला दिवसभर वाकून काम करायचे आहे तिची हाडे पंचेचाळिशीत गेली तर ती करणार काय? अंडाशयात खरोखर रोग असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर 'काढतोच आहोत तर तेही काढू' हे कारण नव्हे. पांढरे जाणे हेही पिशवी काढायचे कारण नव्हे, पिशवीच्या तोंडाला छाले आहेत हेही नव्हे. छाल्यांची भीती असेल तर तिशीच्या पुढच्या बाईची व्हीआयए तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते; पिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिडचे पाणी लावून रंग बदलतो का पाहतात, मिनिटभराचे काम. जास्त रक्त जात असेल तर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचे हार्मोनचे साधन आहे, ते वर्षानुवर्षे चालते. हे करून भागले नाही तर ऑपरेशन.

आणि ज्यांना पिशवी काढावीच लागते, त्यांनाही दुर्बीणच हवी असे नाही. आमच्याकडे अंग बाहेर येण्याचा त्रास पुष्कळ बायांना आहे. बाळंतपणानंतर पंधरवड्यात ओझी उचललेल्या या बाया. त्यांची पिशवी खालूनच काढता येते. पोटावर एकही भोक लागत नाही, खर्च कमी, आणि जमण्यासारखे असेल तर हाच रस्ता आधी धरावा, असे स्त्रीरोगतज्ज्ञांचे शास्त्र सांगते. तिथे दुर्बिणीचा आग्रह कशासाठी, हे विचारायला हरकत नाही. पडद्यावरचे ऑपरेशन दिसायला भारी, बिलही भारी.

हे मी एकटी म्हणते असे नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेले. विनाकारण पिशव्या काढणे थांबवण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. त्यात जिल्ह्याजिल्ह्यात देखरेख समिती आहे. आपल्या वार्ताहरांनी विदर्भातल्या एकेका जिल्ह्यात जाऊन विचारावे: समिती आहे का, शेवटची बसली कधी, चाळिशीच्या आतल्या किती बायांच्या पिशव्या गेल्या वर्षी निघाल्या आणि कशासाठी. पुरवणीपेक्षा ही बातमी मी जपून ठेवीन.

बाई वेळेवर तपासायला जात नाही, असे डॉक्टर म्हणतात तेही खरे आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात ८. तेव्हा मी नोकरीत नवी होते. केंद्रात त्याची चर्चा झाली तेव्हा आम्ही नर्सेसना नवल वाटले नव्हते. नवल वाटले ते कोणी मोजले याचे. आज बाया तपासायला जातात. पण पहिल्या तपासणीलाच पिशवी काढायचा सल्ला मिळत असेल तर दुसरी घाबरून घरीच राहील.

आमच्या भागापुरती आणखी एक गोष्ट. सिकलसेल. पूर्व विदर्भात आणि आमच्या जिल्ह्यातही हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. आदिवासी पाड्यांवर आहे आणि बिगर आदिवासी घरांतही आहे. अशा बाईला भूल देताना शरीरातले पाणी कमी पडले, अंग गार पडले, प्राणवायू कमी पडला तर तिच्या रक्तपेशी आकार बदलून अडकतात आणि जीवावर बेतते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायूचा दाब, त्यात डोके खाली, म्हणजे श्वासावर आधीच ताण. भूलतज्ज्ञाला आधी कळले तर तो तयारी करतो. तेव्हा सिकलसेलचे कार्ड असेल तर ट्रंकेतून काढून दाखवावे, तपासणी झालेली नसेल तर आधी करून घ्यावी. लग्न मोडेल म्हणून कार्ड लपवणारी घरे मला माहीत आहेत. दवाखान्यात तरी लपवू नये.

आता सरकारकडे बघून चार शब्द. नागपुरात रोबोटने ऑपरेशने होऊ लागल्याच्या बातम्या आपण छापता, बरे वाटते. यवतमाळला मेडिकल कॉलेज १९८९ पासून आहे, अकोल्याला २००२, चंद्रपूरला २०१५, गोंदियाला २०१६ साली झाले. सेवाग्राम तर १९६९ चे. कॉलेजे वाढली, पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोठ्या ऑपरेशनाला भूलतज्ज्ञ मिळेल याची खात्री नाही. आणि त्याच्याशिवाय हे ऑपरेशन करू नये, यावर माझे दुमत नाही. व्हरांड्यातली दुर्बीण पुन्हा नको. पण आमच्यासारख्या तालुक्यांसाठी महिन्यातला एक दिवस ठरवून कॉलेजचा सर्जन आणि भूलतज्ज्ञ उपजिल्हा रुग्णालयात येऊ शकत नाहीत का? कुटुंब नियोजनाचा आकडा पुरा करायचा होता तेव्हा याच रस्त्यांनी जिल्ह्याहून सर्जन येत होते, पावसापाण्याचे येत होते. बाईचे मूल थांबवायला दुर्बीण गावापर्यंत आली. गाठ काढायला तिने अडत्याची उचल घेऊन शंभर किलोमीटर जायचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातली कोणती ऑपरेशने बसतात, कुठल्या दवाखान्यात बसतात, हे बाईला उचल घेण्याआधी कळले पाहिजे. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारता येते. पण तो आरोग्यमित्र शहरात बसतो आणि निर्णय गावात, रात्री जेवताना होतो. आपल्या दैनिकाने जिल्हावार यादी छापावी: दुर्बिणीने स्त्रीरोगाची ऑपरेशने योजनेत कोणत्या दवाखान्यांत होतात, बाह्यरुग्ण विभागाचे वार कोणते. ती यादी आशाताया वहीत चिकटवून ठेवतील, याची हमी मी देते.

पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करायची झाली तर शिबिरांचा मजकूर खुशाल काढा, कॉलेजांची जंत्रीही काढा. घरी आल्यावर कोणत्या लक्षणांना घाबरायचे तो परिच्छेद मात्र पूर्ण ठेवा, आणि जमले तर चौकट करून छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

(पत्रातल्या बाया गावात ओळखू येतील, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)